चालू इंजिन

मनवेलपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत कंप्युटर आला तेव्हा आईने त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं. मी घरातला पहिला पदवीधर, नोकरीला नुकताच लागलेला. बाबा मूळचे खाडीकडच्या गावातले, भातशेती सोडून कारखान्याच्या पॅकिंग खात्यात लागलेले. मला शिकवताना त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

कंप्युटरवर मी विमान उडवायचो. तो खेळच होता, पण मी तो अभ्यासासारखा करायचो. मला दोन इंजिनांचं लहान विमान आवडायचं. अडचण अशी, की जॉयस्टिकला थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा, एकच दांडा होता. दोन्ही इंजिनं एकदमच वर-खाली व्हायची. मग दोन असून उपयोग काय? म्हणून मी प्लायवूडच्या खोक्यात जुन्या रेडिओंची व्हॉल्यूमची बटणं बसवून दोन वेगळे दांडे केले. डावा डाव्या इंजिनाचा, उजवा उजव्याचा.

त्यानंतर खरा सराव सुरू झाला. हवेत एक इंजिन बंद पडलं की विमानाचं नाक त्या बाजूला ओढलं जातं. अशा वेळी घाई करायची नसते. ज्या बाजूचं इंजिन गेलं असं वाटतं, तिकडचा दांडा हळूच मागे घेऊन बघायचं. काही फरक पडला नाही, तर तेच मेलेलं. मगच ते पुरतं बंद करायचं आणि उरलेल्या इंजिनावर उतरायचं. बाबा जेवता जेवता बघत बसायचे. "एका मशीनवर आनलं बघ घरी," असं आईला कौतुकाने सांगायचे.

त्या सुमारास माझं लग्न ठरत आलं होतं. स्थळ वसईच्या खाडीकडचं, आमच्याच लोकांतलं. मुलगी मी पाहून आलो होतो आणि मला ती फार आवडली होती. पत्रिका जुळल्या होत्या. आता मुलीचे वडील आणि तिची आत्या आमचं घर बघायला येणार होते. तेवढं पार पडलं की सुपारी फुटणार.

रविवारी सकाळी दोघं आले. पोहे झाले, चहा झाला. घर स्वतःच्या नावावर आहे, मुलाची नोकरी कायम आहे, हे बाबांनी सांगितलं आणि त्यांनी मान हलवली. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात बाबांनी उठून क्रोशाचं झाकण काढलं.

"आमचा विमान चालवतो," ते म्हणाले. "दाखव रे. ते एक मशीन बंद पडतं ना, ते दाखव."

"बाबा, आता कशाला?"

"दाखव की," आत्या म्हणाल्या. "आमी कदी बसनार इमानात? हितंच बघू."

मी बसलो. कुठलंही एक इंजिन आपोआप बंद पडेल, अशी सोय करून ठेवली. विमान धावपट्टी सोडून उठलं आणि लगेच नाक उजवीकडे वळलं. म्हणजे उजवं गेलं होतं. मला ते कळलंही होतं. पण पाठीशी मुलीचे वडील उभे होते, आणि मला चटकन करून दाखवायचं होतं. हळूच ओढून बघणं मी गाळलं. एक दांडा धरला आणि पार मागे खेचला. तो डावा होता.

स्पीकरमधला आवाज थांबला. विमान खाली बसत गेलं आणि जमिनीवर आपटलं.

"पडलं?" आत्यांनी विचारलं. त्यांनी पदर तोंडावर धरला होता. "अगं बाई, आजच्या दिवशी!"

"आमच्याकडं लाईट कमी-जास्त व्हते," बाबा घाईने म्हणाले. "त्यानं व्हतं तसं. त्याचं काय चुकलं नाय."

शाळेपासून मला खरं बोलायची सवय लावली होती ती बाबांनीच. मी खुर्ची वळवून म्हणालो, "नाही बाबा, लाईटचं काही नाही. चालू इंजिन मीच बंद केलं."

हे मला प्रामाणिकपणाचं वाटलं होतं. मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते बाबांकडे बघत होते.

मग ते शांतपणे म्हणाले, "घर तुमच्या नावावर हाय म्हनालात ना?"

"हो. माझ्याच."

"आनि नोकरी कायम?"

"देवाशपथ कायम," बाबा म्हणाले आणि कपाटाकडे उठले. "थांबा, कागद दाखवतो."

"राहू द्या, राहू द्या," मुलीचे वडील म्हणाले. बाबांचा हात कपाटाच्या कडीवर होता. तो तिथेच राहिला. स्वतःच्या घरात शपथ घ्यायला लागलेला तो माणूस मला बघवेना. मी खोक्यातून बाहेर आलेली वायर आत ढकलत बसलो.

आठवड्याने मध्यस्थाकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. जुळलेल्या पत्रिका अशा नंतर बिघडतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. बाबा मला एका शब्दाने काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ती मुलगी मला पुष्कळ दिवस आठवत राहिली, पण तेही घरात सांगायची सोय नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी मी आणि बाबा भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत होतो. खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या होत्या.

"काय हो, कधी देताय जेवण? मुलीकडचे येऊन गेले म्हणे."

"योग नव्हता," बाबा म्हणायला लागले, "पत्रिकेत..." आणि थांबले. पायरीवर वळून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार आहे का, ते बघत होते.

मी मान खाली घातली. मग त्यांनी वाक्य पुरं केलं.