खेकड्याचं रक्त

खेकड्याला पाठीमागून दोन बोटांत धरून बाई उजेडाकडे न्यायच्या आणि म्हणायच्या, "दे बापू, थोडंसंच दे." मग पायाच्या सांध्यात सुई. सिरिंजमध्ये फिकट निळसर थेंब चढला, की खेकडा परत टोपलीत, ओल्या गोणपाटाखाली.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. अमरावतीच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत, मी वनस्पतिशास्त्र, प्रयोगशाळा एकच. बाई अकोल्याकडच्या शेतकरी घरातल्या, नागपुरातून एम.एस्सी. झालेल्या. समुद्रातले खेकडे त्यांचा मामेभाऊ मुंबईहून बडनेरा स्टेशनपर्यंत आणून द्यायचा. घरमालकिणीने एकदा नाक मुरडून विचारलं, "घरात शिजवता की काय हे?"

"शिजवत नाही. रगत काढते."



समुद्राचं पाणी जंतूंनी भरलेलं. खेकड्याचा पाय तुटतो, जखम उघडी राहते, तरी तो सडत नाही. "कावून?" बाई मला विचारायच्या, जणू उत्तर मीच लपवून ठेवलंय. रक्तातलं नुसतं पाणी जंतूंवर टाकलं तर फारसं काही होईना. मग त्यांनी रक्तातल्या पेशीच वेगळ्या काढून चिरडल्या. त्यांचा थेंब पडला तिथे जंतू उगवलेच नाहीत.

"मारते हे," बाई म्हणाल्या. आवाजात आनंद नव्हता. पुरावा हाती लागलेल्या माणसाचा असा आवाज तुम्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर ऐकला असेल.

कारण मला नंतर कळलं. त्यांच्या धाकट्या भावाच्या पायात खिळा गेला होता. अकोल्याच्या एका नावाजलेल्या डॉक्टराने गळू फोडलं. बाई तेव्हा शिकत होत्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आधी हात धुवा." डॉक्टर हसले, "डॉक्टर तू का मी?" हात न धुताच त्यांनी सुरी चालवली. विष अंगभर चढलं आणि भाऊ गेला.

पुढे कॉलेजात विज्ञान प्रदर्शन ठरलं, तेव्हा पाहुणे म्हणून याच डॉक्टरांचं नाव बाईंनीच सुचवलं. मी चकित झालो. "मोठा मानूस आहे," एवढंच त्या बोलल्या.

उद्घाटनाला डॉक्टर आले. बाईंना त्यांनी ओळखलं नाही. जंतू वाढावेत म्हणून खळीसारखा थर दिलेली काचेची बशी बाईंनी पुढे केली. "साहेब, बोटं फिरवा यावर." डॉक्टरांनी हौसेने फिरवली. बाईंनी मधोमध खेकड्याच्या पेशींचा थेंब सोडला आणि झाकण लावलं.

समारोपालाही डॉक्टरच पाहुणे. दुसऱ्या दिवशी, भरल्या सभागृहात, बाईंनी ती बशी उचलून धरली. डॉक्टरांची बोटं जिथून फिरली तिथे पिवळट बुरसा उठला होता. मध्ये चवलीच्या नाण्याएवढं स्वच्छ वर्तुळ.

"हे खेकड्याचं रगत. आन हे डॉक्टरसाहेबांचे बोटं. याच बोटांनी माह्या भावाचं गळू फोडलं."

डॉक्टर उठले. "कोणाच्याही बोटावर जंतू असतात, बाई!"

"हो ना. म्हनूनच हात धुवा म्हटलं होतं."

डॉक्टरांचा चेहरा मी पाहिला. बाईही तोच पाहत होत्या, टक लावून, अगदी तो दाराबाहेर जाईपर्यंत.

डॉक्टरांचे व्याही संस्थेच्या कार्यकारिणीवर होते. उन्हाळ्याच्या सुटीनंतर बाईंना परत बोलावलं नाही. टोपली शिपायाने कुठेशी फेकली. रक्तातला तो मारणारा पदार्थ कोणता, हे शोधायचं राहूनच गेलं.

वर्षभराने त्या मला मूर्तिजापूर स्टेशनवर भेटल्या. कुठल्याशा शाळेत शिकवत होत्या. बरं वाटेल म्हणून मी सांगितलं, "डॉक्टरांनी दवाखान्यात, सगळ्यांना दिसेल असं, पाण्याचं घंगाळ ठेवलंय. प्रत्येक रोग्याआधी साबणाने हात धुतात म्हणे."

बाईंचा चेहरा पांढरा पडला.

"म्हंजे तवाही जमत होतं त्याले," त्या म्हणाल्या.

अरुंद रुळांवरची छोटी गाडी लागली. त्या डब्यात चढल्या, खिडकीशी बसल्या. गाडी हलली तरी त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. पुन्हा त्या मला कधी दिसल्या नाहीत.