मामांचा बसायचा बैल

आमच्या सौभाग्यवतीच्या मामांनी उभ्या आयुष्यात कुणावर विश्वास ठेवला नाही, आणि तरीही त्यांच्याइतका वरचेवर फसलेला माणूस मी ब्रह्मपुरीच्या पंचक्रोशीत दुसरा पाहिला नाही. वाण्याने मूठभर डाळ जास्त घातली की "आज काऊन जास्त देऊन राह्यला?" म्हणून ते ती परत करत. एसटीत बसताना पाटी वाचूनही गाडी कुठे जाते हे ड्रायव्हर, कंडक्टर आणि एखादा प्रवासी अशा तिघांना वेगवेगळं विचारत. तिघांचं उत्तर जुळलं की ‘हे आपसांत ठरवून सांगतात’ असं वाटून खाली उतरत. आलापल्लीच्या सागवानाची म्हणून मी दिलेली काठी त्यांनी आधी चावून पाहिली होती.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यांनी आधी कोंबड्याला चारल्या, आणि कोंबडा पूर्वीसारखाच चालतो हे पाहून औषध निकामी ठरवलं. पण दिवाळी जवळ येऊ लागली तसा त्यांचा चेहरा उतरला. त्यांची थोरली बहीण, जिला ते बाई म्हणत, जंगलातल्या एका गावी राहायची. तिची नजर गेली होती, आणि दर भाऊबीजेला मामा तिच्याकडे जात, एकदाही न चुकता. डांबरी सडक संपल्यावर पुढे नाल्यातून आणि बोराटीच्या काट्यांतून नुसती पायवाट. तिथे बैलबंडी जात नसे आणि जीपवाला हसत असे. "मी गेलो नाई त बाईले वाटल, मेला," मामा म्हणाले, "आन् कोणी सांगल का जिता हाये, त ते तिले खरं वाटणार नाई." अविश्वास त्यांच्या घराण्यातच होता. तेव्हा बसायला बैल घ्यायचा, असं ठरलं.

बसायचा बैल कोणत्या जातीचा असावा, यावर गावात एकमत होईना. गुरांच्या दवाखान्यातल्या साहेबांनी संकरित वाणाचं व्याख्यान दिलं. मामांनी ते पूर्ण ऐकून एकच विचारलं, "साहेब, याले वशिंड नाई. मी घसरलो त अडकू कुठी?" खिल्लारी म्हणजे चपळ, असं कुणी म्हणालं, मामांच्या मते इतका चपळ बैल त्यांच्याआधीच बहिणीकडे पोचला असता. वर्ध्याकडचा गवळाऊ पांढराशुभ्र, देखणा, उंच, "त्याच्यावर चढायले शिडी कोण धरल?" शेवटी पाटलांनी थट्टेने हेल्यावर, म्हणजे रेड्यावर, बसायला सुचवलं. "यमाच्या वाहनावर बसून बहिणीच्या दारी जाऊ?" मामा भडकले. "मामा, यमराज भी भाऊबीजेले बहिणीकडंच गेले होते ना!" पाटील म्हणाले. मामा म्हणाले, "त्याच्या बहिणीले दिसत होतं."

राहता राहिला आपला गावरान, ठेंगणा, कडक खुरांचा, जंगलवाटेचा. बैलबाजारात मामांनी शिंगांचा वास घेऊन तेल लावलंय का ते पाहिलं, दात मोजले, आणि प्रत्येक बैलासमोर अचानक छत्री उघडली. बरेच बैल आणि एक व्यापारी बिथरले. "मामा, बैल घेऊन राह्यले का पोरगी पाहून राह्यले?" एकाने विचारलं. "पोरगीच्या बापाले एवढं खोटं बोलता येत नाई," मामा म्हणाले. छत्रीकडे ढुंकूनही न पाहणारा एक तांबडा बैल त्यांनी घेतला. आधी पाठीवर भुशाचं पोतं, मग ओल्या रेतीचं, मग घोंगडी टाकून स्वतः मामा, अशा क्रमाने त्याला शिकवलं. बैलाने तिघांत काही फरक केला नाही.

फक्त एक खोड निघाली. रस्ता कितीही रुंद असो, बैल डाव्या कडेनेच चालायचा. कासरा ओढा, शिव्या द्या, तो आपला काठाकाठाने, आणि मामांचा डावा पाय बोराटीत. "याच्या पहिल्या मालकानं शिकवून ठेवलं हाये, जावईबापू! मले पाडाचं, आन् बैल घरी वापस!" मामा रोज रक्ताळलेली पोटरी मला दाखवत. दिवाळी आठवड्यावर आली. अशात एका संध्याकाळी मीही सोबत चालत असताना शेतांमधल्या पांदीतून चरून येणारा कुणाचा तरी बैल आमच्या उजव्या अंगाला आला, आणि तांबडा सरळ, मधोमध, शहाण्यासारखा चालू लागला. मामांनी कासरा सोडून दिला. आयुष्यभर जोखडाच्या डाव्या अंगाला जुंपलेला तो बैल, उजवीकडे जोडीदाराची जागा सोडून चालत होता.

दुसऱ्या दिवशी मामा जुन्या मालकाकडे गेले. जोडीतला दुसरा धानाच्या चिखलणीला निकामी झाला होता, म्हणून गोठ्यात बसून होता. "मामा, हा काही कामाचा नाई," मालकाने प्रामाणिकपणे सांगितलं. जन्मात पहिल्यांदा मामांनी समोरच्याचं म्हणणं खरं मानलं, आणि तरीही बैल घेतला.

भाऊबीजेला मी त्यांच्यासोबत पायी गेलो. दारात बसलेल्या बाईंनी खुरांचा आवाज ऐकून विचारलं, "कोण कोण आलं रे?" मामा उतरले, तिचा हात धरून एकेका बैलाच्या पाठीवर ठेवला. एकावर घोंगडी, दुसऱ्याची पाठ उघडी. "याच्यावर काऊन कोणी बसलं नाई?"

"तो सोबतीले आला," मामा म्हणाले. बाईंनी मग भावाच्या आधी त्या बैलालाच ओवाळलं. मामांनी हरकत घेतली नाही. फक्त निरांजनात तूप आहे की डालडा, ते वास घेऊन पाहिलं.

चार-पाच दिवाळ्या असं चाललं. मग बाई गेल्या. त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी मुद्दाम मामांकडे गेलो, तर दोन्ही बैल धुतलेले, तांबड्यावर घोंगडी टाकलेली, आणि मामा धुतलेलं धोतर नेसून अंगणात उभे. "कुठं निघालात?" मी विचारलं.

"कुठी नाई," ते म्हणाले. "हे सकाळपासून दाराकडं पाहून राह्यले. सांगतलं त्यायले. पन त्यायले माह्यावर भरोसा नाई."

आणि मला काही बोलू न देता ते घोंगडीवर चढून बसले. आम्ही नाल्यापर्यंत गेलो, बैलांना पाणी दाखवलं, आणि परत आलो.