मामांना पाजलेलं माडगं

त्या थंडीत केंदूरला धुकं असं पडायचं की मी ते विळ्यानं कापून बांधावर रचायचो, तेव्हा कुठं कांद्याचं वावर दिसायचं. आमची म्हैस एकदा दावं तोडून चुलीपाशी येऊन बसली आणि आईनं तिला फक्त जरा सरकून बस म्हटलं. यातलं अर्धं खरं धरा. कुठलं अर्धं, ते विचारू नका.

आईची चूल मात्र सगळी खरी. तिच्यावर रोज सकाळी हुलग्याचं माडगं शिजायचं. हुलगे खरपूस भाजून दळायचे, पीठ गार पाण्यात कालवून गुळाच्या उकळत्या पाण्यात सोडायचं, हात न थांबवता ढवळायचं. वरून सुंठ आणि थोडं दूध. गरम वाटी दोन्ही हातांत धरली की बधिर झालेली बोटं परत आपली वाटायची. पहिल्या भुरक्याला नाक मोकळं व्हायचं, दुसऱ्याला कान तापायचे.

मामा ते प्यायलाच आमच्याकडं राहायला आले. आईचे धाकटे भाऊ, दौंड तालुक्यातल्या कासुर्डीचे, शेवंतीवाले. पहाटे दवात उभं राहून फुलं तोडायची, त्यानं छातीत खोकला बसलाय असं त्यांचं म्हणणं. तिकडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढा, हृदय तपासून घ्या म्हणून चिठ्ठी दिली होती. मामांनी तिची घडी करून टोपीत ठेवली आणि टोपी घालून ते बहिणीच्या घरी आले.

ओसरीपुढं उन्हाला आम्ही बसायचो. शेजारचे दोघं-तिघं वाटी घेऊनच यायचे. मी तिथं सांगितलं की आमच्या आळीत एक म्हातारा तिरडीवर बांधून झाला होता, आईनं त्याच्या नाकापाशी माडग्याची वाफ धरली, तर तो उठून बसला आणि म्हणाला, गूळ कमी हाय. मामा इतके हसले की त्यांची वाटी मला धरावी लागली. हसण्याचा खोकला झाला आणि खोकला थांबेचना. डोळे पुसून म्हणाले, अजून एखादी सांग.

मग रोज एक सांगायचो. माडग्यानं बंद पडलेली मोटर चालू झाली, माडग्यानं मुक्या बैलाला आवाज फुटला. मामा हसले की मला चेव यायचा. फाटकापासून ओसरीपर्यंत यायला ते दोनदा थांबायचे, हे मला दिसत होतं. आडवं झालं की दम लागतो म्हणून ते भिंतीला टेकून बसूनच झोपायचे. मोजा काढला की घोट्यावर बोट रुतल्यासारखा वळ राहायचा. हे सगळं बघून मी पुढची गोष्ट जुळवत होतो. वाफेनं त्यांना घटकाभर मोकळं वाटायचं. माडगं लागू पडतंय, असं ते सगळ्यांना सांगायचे.

सहाव्या दिवशी मामीचा फोन आला. मी नेहमीच्या थाटात काहीतरी बोलायला लागलो, तर तिनं मधेच तोडलं.

"चिठ्ठी टोपीतच हाय ना अजून? त्यांना दवाखान्यात ने. तुझं ऐकत्यात ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बसले असताना मी म्हणालो, "मामा, आज शिरूरला जाऊ. तपासून घेऊ. तुमचे पाय सुजल्यात, मला भ्या वाटतंय."

मामांनी वाटी खाली ठेवली, नीट मांडी घातली आणि डोळे बारीक करून माझ्याकडं बघायला लागले. आजची सुरुवात त्यांना आवडली होती.

"बरं. मंग डॉक्टर काय म्हणला? गूळ कमी हाय?"

ओसरी हसली. मी म्हणालो, "न्हाई मामा, खरं सांगतोय."

"भाचा खरं सांगतोय म्हणला की समजावं, आता मोठी येनार."

परत सगळे हसले. आणि मीही हसलो. एवढंच करून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण समोर माणसं वाट बघत होती, आणि मी ती गोष्ट पुढं नेली. डॉक्टरनं नळी कानाला लावली, तर मामांच्या छातीत माडगं रटरटताना ऐकू आलं, असं काहीतरी. मामांनी माझ्या पाठीत थाप मारली.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी वाटी त्यांच्या हातातून सुटली. शेजाऱ्याच्या गाडीत मागं त्यांना धरून बसलो. रस्त्यावर धुकं होतं. कापून रचता येत नाही, गाडी नुसती हळू करावी लागते, असं साधं धुकं. शिरूरला पोचलो तेव्हा त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालेलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टोपीतली चिठ्ठी उलगडली, तारीख वाचली आणि तशीच घडी करून माझ्या हातात दिली.

दहाव्याला नदीवर पिंडाशेजारी द्रोणात माडगं ठेवलं. आईनंच केलं होतं. कावळा येऊन बाभळीवर बसला, पण खाली उतरेना. मामांच्या भावानं काय काय कबूल केलं, आईनं हात जोडले. मग मामी माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू सांग त्यांना."

मी पुढं झालो. म्हणालो, "मामा, मामीच्या शेवंतीचं मी बघतो. दर आठवड्याला येतो."

कावळा उतरला, द्रोणापर्यंत चालत आला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "भाच्याचं खरं वाटना त्याला." आम्ही दोन तास उभे होतो असं मी सांगतो. घड्याळात पाऊण तास झाला होता. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. माडग्यावर तोवर साय धरली होती.

दर रविवारी मी कासुर्डीला जातो. दवात शेवंती तोडतो, बोटं बधिर होतात. मामी चहाचा कप बांधावर आणून ठेवते आणि मी तोंड उघडायच्या आत माघारी फिरते.