वाघ सरांचा रिपोर्ट

‘मिस्टर वाघ यांनी कंपनी सोडली का?’

मेलमध्ये एवढा एकच प्रश्न होता. पाठवणारा हॅरी, इंग्लंडमधल्या आमच्या कस्टमरचा क्वालिटी इंजिनिअर. आमचे क्वालिटी हेड देशमुख सर यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

“वाघ तर खाली वेल्डिंगला उभे आहेत. याला असं का वाटलं?”

मला लगेच कळलं होतं. पण मी मेल पुन्हा वाचल्यासारखं केलं. ते मला चांगलं जमतं.

वाळूजच्या या फॅक्टरीत मी डॉक्युमेंटेशन बघते. ट्रॅक्टरच्या सीटखाली बसणारे लोखंडी ब्रॅकेट आम्ही बनवतो. नग खराब निघाले की कस्टमर तक्रार लावतो आणि आम्हाला ‘एट-डी’ रिपोर्ट द्यावा लागतो. म्हणजे आठ पायऱ्यांचा खुलासा: काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. कस्टमरला पटलं तरच तक्रार क्लोज होते. या वेळी अकरा ब्रॅकेटच्या वेल्डिंगला तडे गेले होते. शुक्रवारपर्यंत क्लोज झालं नाही, तर पार्ट दुसऱ्या सप्लायरकडे जाणार होता. त्या पार्टवर वाघ सरांची अख्खी लाइन चालते. चौदा माणसं.

रिपोर्ट शिफ्ट इनचार्जनेच लिहायचा, ही आमच्याकडची जुनी पद्धत. मी आल्यापासून तो आधी माझ्याकडे येतो, ‘इंग्लिश बघून घ्यायला’. वाघ सरांचा हा माझ्याकडे आलेला पहिलाच.

सुरुवात होती ‘विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टू स्टेट’. शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’. मधे लहान लहान वाक्यं. लाइट गेली, मशीन चाळीस मिनिटं बंद होतं. पुन्हा चालू केल्यावर पहिले पाच नग कच्चे निघतात, ते लाल पेटीत टाकून द्यायचे, हा नियम. त्या दिवशी दोनदा लाइट गेली आणि दोन्ही वेळा नग पेटीत गेले नाहीत. तडे गेलेले दहा नग तेच, अकरावा त्यांच्या लगेच नंतरचा. ‘आय वॉज इनचार्ज. द फॉल्ट इज माइन.’

मला लाज वाटली. त्यांची नाही, कस्टमरसमोर कंपनीचं हसं होईल याची. लष्करी छावणीतल्या ज्या इंग्लिश शाळेत मी शिकले, तिथे असं लिहिल्यावर लाल पेनाने रेघ मारली जायची. मी सगळं नवं लिहिलं. ‘प्रोसेसमध्ये काही विचलन घडलं असण्याची शक्यता आहे’ अशा अर्थाची गुळगुळीत वाक्यं. हल्ली सगळीकडे असतात तशी. खाली वाघ सरांचं नाव तसंच ठेवलं आणि त्यांना न विचारता पाठवून दिलं.

शेवटी हे मी देशमुख सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं.

“सहा वर्षं हॅरी वाघांची पत्रं वाचतोय. आता त्याला वाटतंय आपण काहीतरी लपवतोय. खाली जा, त्यांच्याकडून पुन्हा लिहून आण.”

शॉपफ्लोअरवर मी गेले की बोलणं थांबतं. त्या दिवशीही थांबलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “आली बघ लंडनची पाव्हणी.” वर ऑफिसात मी इंग्लिश मीडियमवाली, खाली मॅडम. घरी आई म्हणते, तू मराठीतसुद्धा इमेलसारखं बोलतेस.

वाघ सरांनी हातमोजे काढले. “वाचलं मी, मॅडम. लई भारी इंग्लिश. पण मी चूक कबूल केली व्हती. तुम्ही ती काढून टाकली. खाली नाव माझं.”

“सॉरी, सर.”

“माझं इंग्लिश जुनं हाय, मला म्हाईत हाय. आमचे आजोबा छावणीत गोऱ्या साहेबाकडं कारकून. पिशोरला सगळ्या गावाचे अर्ज तेच लिहायचे. तेच आमच्या हाती आलं.”

मला शाळेत कधी कुणी सांगितलं नव्हतं की ‘डू द नीडफुल’ एके काळी इंग्लंडमध्येही सर्रास लिहीत. तिकडे ते मागे पडलं, आपल्याकडे टिकलं. ज्याला मी चूक समजत होते, ते फक्त वयस्कर होतं.

मशीनशेजारी स्टुलावर बसून मी टाइप करायला लागले. ते सांगायचे, मी लिहायचे. बोटं दोनदा बॅकस्पेसकडे गेली. मी ती परत आणली.

शेवटी ते अडले. “आता लिहा, पुन्हा असं व्हनार नाय, हा माझा शब्द हाय. हे इंग्लिशमधी कसं म्हनायचं?”

माझ्या डोक्यात आधी ‘वी विल एन्शुअर’ आलं, मग ‘स्ट्रिक्ट कम्प्लायन्स’. मग मी म्हणाले, “आय गिव्ह यू माय वर्ड.”

“म्हंजी?”

“मी तुम्हाला माझा शब्द देतो.”

त्यांनी स्क्रीनवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. “असं सरळ हाय व्हय इंग्लिशमधी?”

“हो. खूप जुनं आहे.”

“मंग तुमच्या रिपोर्टात का नव्हतं?”

वीस वर्षं मी ही भाषा शिकले. त्या वाक्याची गरज पडेल असं मी तिच्यात कुणाला काही सांगितलंच नव्हतं. मराठीतही नाही.

“ऱ्हाऊ द्या ते,” वाघ सर म्हणाले. “बाकीचं खराब असंल तर नीट करा.”

“नाही सर, काही करायचं नाही.”

शुक्रवारी हॅरीशी व्हिडिओ कॉल झाला. देशमुख सर, वाघ सर, आणि कोपऱ्यात मी. हॅरीने दुसरा रिपोर्ट समोर धरला होता. तो म्हणाला, मिस्टर वाघ यांचं पत्र मला कधी दोनदा वाचावं लागत नाही. या वेळचं पहिलं मी चार वेळा वाचलं आणि काय झालं तेच कळलं नाही. मग त्याने लाल पेटीचा फोटो दर महिन्याला मागितला.

वाघ सर म्हणाले, “येस सर. आय विल सेंड द सेम.”

हॅरी हसला. तक्रार त्याच दुपारी क्लोज झाली. पार्ट आमच्याकडेच राहिला.

क्लोजरचा मेल वाघ सरांना आला, सीसीमध्ये देशमुख सर. माझं नाव कुठेच नव्हतं. तेच बरोबर होतं. दुसऱ्याचं लिहिणं बघणाऱ्याने त्यात दिसायचं नसतं. मी पहिल्या रिपोर्टात फार दिसले होते.

आता रिपोर्ट आला की मी आधी खाली जाते आणि ज्याने लिहिला त्याला विचारते, यातलं काय काढायचं नाही. बहुतेक जण म्हणतात, काहीही काढा मॅडम. मग मी थोडं थांबते. थांबल्यावर ते सांगतात.