मऊ टाचा

७ डिसेंबर २००३, रविवार. काम : अप्पांच्या टाचांना कोकमतेल लावणे.

दर थंडीत हे काम माझंच असे. वडिलांच्या टाचांना भेगा इतक्या, की चादरीचे धागे त्यांत अडकत. नोकरीची सगळी वर्षं ते केलगेरीहून धारवाडातल्या शाळेत चालत गेले आणि चालतच परत आले. त्या जूनमध्ये मी त्यांना हुबळीला, केशवापुरातल्या एका वृद्धाश्रमात ठेवलं होतं. न्हाणीघरात ते एकदा पडले होते, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, आणि मी दिवसभर गोकुळ रोडला कामावर. दुसरी सोय नव्हती.

आश्रमाच्या व्हरांड्यात सात खुर्च्या एका ओळीत असत. फाटकाजवळची पहिली, संडासाजवळची सातवी. जूनमध्ये अप्पा पहिल्या खुर्चीत बसत, दिवाळीत चौथ्या. त्या रविवारी सहाव्या खुर्चीत दिसले.

मी मोजा काढला, टाच हातात घेतली आणि तेलाची वाटी बाजूला सारली. एकही भेग नव्हती. टाच तान्ह्या मुलासारखी मऊ होती. मागे, जिथे ती दिवसभर खुर्चीसमोरच्या पाटावर टेकून असे, तिथे रुपयाएवढा लाल डाग होता. बोटाने दाबून पाहिला. लालच राहिला, म्हणजे आत जखम धरू लागली होती.

मी खाली वाकलेलीच होते, म्हणून ओळीतले बाकीचे पाय दिसले. सगळे स्वच्छ, सगळे मऊ.

"खुर्ची का हलवली?" मी तिथल्या आयाला विचारलं. बाई कामाला चोख आणि मायाळू; मला 'अक्कार', म्हणजे ताई, म्हणे.

"संडास जवळ पडतो की, अक्कार. उठायला वेळ लागतो त्यांना."

"आणि सातवीनंतर?"

"मग आत. कॉटवर."

सातवी खुर्ची रिकामी होती. तिच्यात बसणारे गृहस्थ दसऱ्याला मला फाटकापर्यंत सोडायला आले होते. आता आतल्या खोलीतून त्यांचा खोकला येत होता.

अप्पा मात्र खुशीत होते. "राजासारखं ठेवलंय बघ. चहा हातात, पेपर हातात."

"राजा संडासला तरी आपल्या पायांनी जातो," मी म्हटलं. "उठून दाखवा बघू."

त्यांनी खुर्चीच्या हातांवर भार दिला. चार बोटं वर आले असतील, तेवढ्यात आया धावली.

"कुंदर्री अज्जार, कुंदर्री! बसा! पडाल की!" तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते लगेच बसले. शाळेत मास्तर असताना हेच दुसऱ्यांना बसवत असत.

"उठू का देत नाही त्यांना?"

तिने कमरेवर हात ठेवले. "आता हे बरंय! जूनमध्ये याच दारात तुम्हीच सांगितलंत ना, एकदा पडलेत, खुर्चीतून उठू देऊ नका म्हणून? मी एक दिवस चुकले नाही, अक्कार."

खरं होतं. शब्दही माझेच होते. मी वाटीवर झाकण घातलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळी सातला तिथे पोचले. 'पडल्यास जबाबदारी माझी' असं लिहून, सही करून कागद ऑफिसात दिला. व्हरांड्यात आले, तर अप्पा सातव्या खुर्चीत होते.

"उठा," मी म्हटलं. हात दिला नाही. दोनदा ते मागे कोसळले. तिसऱ्यांदा उभे राहिले आणि त्यांनी भिंत धरली. मांड्या थरथरत होत्या.

"ही खुर्ची पहिल्या जागेवर न्या," मी आयाला सांगितलं. ती खुर्ची उचलून घेऊन गेली.

"अगं, मग मी बसू कुठे?" अप्पांनी विचारलं.

मी फाटकाकडे बोट केलं. त्यांनी एक पाऊल टाकलं. मी अर्धं पाऊल मागे राहिले, हात न लावता, पण हात तयार ठेवून.