मागची सीट

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो दर्जीकाकांचा. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. तरी इथे सौदीत, बुरैद्याला, मला विमानाचं काम शिकवलं ते त्यांनी.

खरं तर ते दर्जी नव्हते, मिस्त्री होते. आमच्या कफीलचं, म्हणजे मालकांचं, जुनं, दोन सीटचं विमान कापडाचं होतं. लाकडी सांगाड्यावर ताणलेलं ते कापड उन्हानं विरायचं आणि काका स्टुलावर बसून पंखाला टाके घालायचे. म्हणून हँगरमधले सगळे त्यांना दर्जी म्हणत. "इंजिनिअर, सुई ओवून दे. तुझ्या पदवीचा तेवढाच उपयोग," ते मला म्हणायचे. त्यांची नजर अधू होत चालली होती. ते मी कुणाला सांगितलं नाही, त्यांनीही नाही.

काम संपलं की इथे सगळे खलास म्हणतात. काका म्हणत नसत. "आपल्याकडं माणूस गेला की खलास. विमानाला म्हणू नये." पंखावर थाप मारून ते म्हणायचे, "तात्पुरतं झालं." मग कागदावर सही मी करायचो, कारण परवाना माझ्याकडे होता.

एकोणीस वर्षं त्यांनी ते विमान सांभाळलं, पण त्यातून कधी उडाले नाहीत. पुढे बसून मालक स्वतः उडवायचे, मागे त्यांचा पाहुणा. मागच्या सीटची गादी काकांनीच शिवलेली. दुपारी कुणी नसलं की तिच्यावर बसून ते डबा खात. "ज्या वाळूत पाय भाजले, ती एकदा वरून बघायची आहे," एवढंच म्हणत.

मग मालकांनी विमान पश्चिम किनाऱ्यावरच्या एका संग्रहालयाला देऊन टाकलं. ते तिथवर उडवत न्यायचं होतं, सोबतीला एक मिस्त्री. काकांची फायनल एक्झिट लागली होती, कायमचं गावी परतायचं होतं; इकाम्याचे, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याचे, चार दिवस उरले होते. मी त्यांना म्हणालो, "सही करणाऱ्यानंच जायचं, असा नियम आहे."

त्यांनी हातातली सुई गादीत खोचली. "मग तूच जा, बाळा. वर गार असतं, माझा स्वेटर घे."

मी परतलो तेव्हा ते गावी गेले होते. फोन करायचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र पाठवलं. उत्तर आलेलं नाही.

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

विमान सुखरूप पोचलं. खजुरीच्या बागा संपल्या की वाळू वरून फिकट दिसते. मग कितीतरी वेळ खाली नुसते काळे, जळाल्यासारखे दगड, त्यानंतर डोंगर आणि शेवटी समुद्र. डाव्या पंखावरचे तुमचे टाके सगळी वाट समोर होते. एकही उसवला नाही. उतरल्यावर संग्रहालयाच्या लोकांनी इंजिनातलं तेल काढून घेतलं, आता ते उडणार नव्हतं. मालक खलास म्हणाले. तुमचा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

काका, तसा नियम नव्हता. मालकांनी मला विचारलं होतं, "दोघांपैकी कोण येतंय?"

मी म्हणालो, मी.