भर उन्हात थांबलेले बुडबुडे

असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी. आमचं इंदापूरचं बौद्ध घर. अंगारे-धुपारे, नवस आजोबांनीच बंद केलेले. त्यात मी मायक्रोबायॉलॉजीची! पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, म्हणून लिहितेय...

नव्वदच्या दशकाची अखेर. मी बारामतीत संशोधन करत होते. विषय — उन्हावर वाढणाऱ्या लालसर जीवाणूंपासून हायड्रोजन मिळवणं. कॉलेजच्या गच्चीची परवानगी मिळेना, म्हणून वडिलांचे मित्र तात्या यांच्या जवळच्याच पिंपळी गावातल्या घराचं अंगण मागून घेतलं. डेअरीतलं टाकाऊ पाणी जीवाणूंना घालायचं आणि काचेच्या चपट्या बाटल्या उन्हात मांडायच्या. प्रत्येक बाटलीची नळी वेगळ्या बरणीतल्या पाण्यात सोडलेली. ऊन चढलं की बरण्यांत बुडबुडे सुरू. तात्या म्हणायचे, "तुझं सरबत लई बडबडतंय बघ!"

एप्रिलातली दुपार. आभाळात ढगाचा ठिपका नाही. मी समोर बसून बघत होते आणि... सगळे बुडबुडे थांबले. हळूहळू नाही — एकदम. सगळ्या बरण्यांत.

नळ्या तपासल्या. गळती नाही, काही नाही. आणि बाटल्या एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या! मग वाटलं, तात्यांनी जवळपास कसलं औषध फवारलं असेल. विचारावं म्हणून घरामागे गेले.

गोबरगॅसच्या रिकाम्या केलेल्या खड्ड्यापाशी त्यांच्या चपला. वाकून पाहिलं — तात्या आतल्या शिडीच्या वरच्या पायऱ्यांना मिठी मारून लोंबकळत होते. मान कलंडलेली, डोळे अर्धवट मिटलेले.

"काकू!" मी किंचाळले. त्यांची बायको धावत आली ती थेट खड्ड्यातच उतरायला लागली. मी तिला मागे खेचलं. "उतरू नका! आत गॅस आहे!" दोघी काठावर पालथ्या पडलो, श्वास रोखून त्यांचे दंड पकडले आणि ओढलं. एवढं बळ कुठून आलं, सांगता येत नाही.

शेजाऱ्यांच्या जीपमधून बारामतीला नेलं. संध्याकाळी ते शुद्धीवर आले. माझ्याकडे एकटक बघत राहिले.

"पोरी, तुला कुणी सांगितलं गं? म्या हाक मारलीच न्हाय. तोंडातनं आवाजच फुटंना."

काकू म्हणाली, "जरा उशीर झाला असता तर हे हाती लागलं नसतं, डाक्टर म्हणत्यात." मी नुसती रडत होते.

दुसऱ्या दिवशी पिंपळीला गेले, तर सगळ्या बरण्यांत बुडबुडे... नेहमीसारखे!

माझे गाइड म्हणाले, "ऊन फार तापलं असेल." म्हटलं, "सर, मग सगळ्या एकाच क्षणी?"

नंतर मी मुद्दाम बाटल्यांवर काळं कापड टाकून पाहिलं. अंधारातसुद्धा बुडबुडे एकदम थांबत नाहीत, मंद होत होत विरतात. त्या दुपारी मात्र लखलखीत ऊन होतं.

तात्या पुढे बरीच वर्षं जगले. माझा प्रबंध पूर्ण झाला. त्या दुपारबद्दल त्यात एक ओळसुद्धा नाही. काय लिहिणार होते?